व्हिन्स गिलिगन : लेखकाने सेटवर का जावं?

निळी शाई

(‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका पाहिली नसेल तर जपून वाचा. कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील.)

गेली नऊ वर्षं मी रोजच्या मालिकांचे संवाद लिहिते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे. सकाळी पटकथेचे सीन फोनवर येतात, दुपारपर्यंत मी संवाद पाठवते, संध्याकाळी ते चित्रित होतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सून भांडून माहेरी निघालीय. सासू तिला थांबवत नाही. तिने सुनेसाठी भरलेला डबा ओट्यावर तसाच राहिलाय. खिडकीतून रिक्षा वळेपर्यंत ती बघत राहते, हात डब्यावर, डबा अजून गरम. संवाद एकही नाही. मी तो सीन जीव लावून लिहिला होता. टीव्हीवर पाहिला तेव्हा सासू हॉलमधल्या सोफ्यावर बसून म्हणत होती, “जाऊ दे तिला, येईल आपोआप.” चार दिवसांनी एका सहायक दिग्दर्शकाकडून कळलं की स्वयंपाकघराच्या सेटला खिडकीच नव्हती. वर्षभर मी त्या घरातली भांडणं लिहीत होते आणि त्या घरात एकदाही गेले नव्हते.

तेव्हापासून व्हिन्स गिलिगनच्या कारकिर्दीकडे मी वेगळ्या नजरेने बघते. ‘ब्रेकिंग बॅड’चा लेखक म्हणून त्याला सगळे ओळखतात, पण माझ्या मते त्याचा खरा पाया त्याआधीच्या सात वर्षांत घातला गेला.

जन्म १९६७, रिचमंड, व्हर्जिनिया. बालपण त्याच राज्यातल्या फार्मव्हिल या छोट्या गावात. न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण. १९८९ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या पटकथा स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. मार्क जॉन्सन हा निर्माता तिथे परीक्षक होता. हा परीक्षक त्याला धरून राहिला आणि पुढे ‘ब्रेकिंग बॅड’च्या निर्मात्यांमध्येही होता. एका स्पर्धेच्या परीक्षकाशी जुळलेलं नातं इतकी वर्षं टिकतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मग ‘द एक्स-फाइल्स’. तो त्या मालिकेचा आधी चाहता होता. आपलीच सावली माणसं मारते अशा माणसाची त्याने सुचवलेली गोष्ट १९९५ मध्ये दुसऱ्या सीझनमध्ये झाली आणि पाठोपाठ तो लेखकांच्या चमूत आला. तिथे निर्माता ख्रिस कार्टरची पद्धत अशी होती की ज्याने एपिसोड लिहिला त्यानेच तो शेवटपर्यंत न्यायचा. कलाकार निवडताना तो हजर, लोकेशन ठरवताना हजर, सेटवर हजर आणि एडिटच्या खोलीतही हजर. सुरुवातीची पाच वर्षं चित्रीकरण कॅनडात व्हँकुव्हरला चालायचं, त्यामुळे लेखकांना तिथवर जावं लागे. ‘निर्माता’ ही पाटी गिलिगनला अशी, कामातून मिळाली. मालिका २००२ मध्ये संपली तेव्हा तो कार्यकारी निर्माता होता, तीसच्या आसपास एपिसोड त्याच्या नावावर होते आणि दोन त्याने दिग्दर्शितही केले होते.

त्यातला एकच सांगते. १९९८ चा ‘ड्राइव्ह’. एका माणसाच्या डोक्यात असा दाब वाढतो की गाडी पश्चिमेला सतत पळवत ठेवली नाही तर कवटी फुटेल. माणूस तिरस्करणीय, तोंडात ज्यूद्वेष. तरीही तो मरतो तेव्हा बघणाऱ्याला वाईट वाटलं पाहिजे. ही तारेवरची कसरत ज्याला जमेल असा नट शोधताना त्याला ब्रायन क्रॅन्स्टन सापडला. पुढे ‘ब्रेकिंग बॅड’साठी त्याचं नाव सुचवलं तेव्हा एएमसी वाहिनीचे लोक बिचकले, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर विनोदी मालिकेतला बाप होता. गिलिगनने त्यांना ‘ड्राइव्ह’ दाखवला आणि प्रश्न मिटला.

हा नट त्याला कशामुळे सापडला? लेखक असूनही कलाकार निवडीच्या खोलीत तो बसला होता म्हणून. मला या कारकिर्दीबद्दल बोलायचंय ते एवढ्याचसाठी.

---

रानवारा

धागा आवडला. एक्स-फाइल्सचा ‘पुशर’ हा एपिसोड विसरू नका! नुसत्या बोलण्याने समोरच्याकडून हवं ते करून घेणारा माणूस. तोही गिलिगनचाच.

एक विचारतो. २००२ ला एक्स-फाइल्स संपली, ब्रेकिंग बॅड आली जानेवारी २००८ मध्ये. मधली वर्षं काय केलं?

---

निळी शाई

@रानवारा, मधली वर्षं कोरडीच गेली. एका पोलिसी मालिकेत थोडं काम आणि ‘हॅनकॉक’ चित्रपटाची सहपटकथा, जो २००८ मध्ये आला. थॉमस श्नॉझ या जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना, आता काम नाही मिळालं तर करायचं काय, अशी चर्चा निघाली. त्यातच फिरत्या गाडीत मेथ हा अमली पदार्थ बनवण्याचा विषय थट्टेत आला. गिलिगन तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. त्या वयाचा, कायद्याने वागणारा, मनातून खचलेला माणूस या गाडीत बसला तर, असं त्याच्या मनात आलं आणि ‘ब्रेकिंग बॅड’चा नायक वॉल्टर व्हाइट उभा राहिला.

मग नकार. एचबीओ नाही, शोटाइम नाही, टीएनटी नाही. एफएक्सने घेतली आणि सोडून दिली. शोटाइमकडे तर ‘वीड्स’ ही गांजा विकणाऱ्या गृहिणीची मालिका आधीच चालू होती. गिलिगनने नंतर सांगितलंय की ती आहे हे आधी माहीत असतं तर आपण या कल्पनेच्या वाटेलाच गेलो नसतो. शेवटी एएमसीने घेतली. पायलट, म्हणजे पहिला भाग, त्याने स्वतःच दिग्दर्शित केला.

त्याने वाहिन्यांना सांगितलेलं सूत्र असं होतं की एका सज्जन शिक्षकाला घेऊन त्याचा गुंड-सम्राट करायचा. मालिकेत माणसं वर्षानुवर्षं तशीच राहतात, प्रेक्षक त्यासाठीच परत येतात, असं आपल्याकडेही मानलं जातं. इथे मूळ पात्र पुसून टाकणं हाच मालिकेचा विषय. असं सूत्र घेऊन चार दारं ठोठावायला धीर लागतो.

---

मध्यरात्र

थोडं वेगळं मत मांडतो. मी एडिटर आहे, रोजच्या मालिकांचाच.

तुलना अन्यायाची आहे. ब्रेकिंग बॅडचे पाच सीझन मिळून ६२ एपिसोड, तेही जवळपास सहा वर्षांत. आपल्याकडे आठवड्याला सहा भाग जातात, म्हणजे अडीच महिन्यांत ६२ होतात. बँकेत, म्हणजे आधीच तयार असे, दोन एपिसोड शिल्लक असतील तर तो आठवडा चांगला गेला म्हणायचं. गुरुवारी टीआरपी येतो, शुक्रवारी ट्रॅक बदलतो. अशात लेखकाला सेटवर बोलावलं तर पुढचे सीन कोण लिहिणार?

तुमची खिडकी गेली याचं मलाही वाईट वाटलं. पण त्या दिग्दर्शकाकडे त्या सीनसाठी फार तर तासभर असणार. त्याने सोफा निवडला, कारण तिथे लायटिंग तयार होतं.

---

निळी शाई

@मध्यरात्र, तुमचं बरोबर आहे आणि त्या दिग्दर्शकावर माझा रागही नाही. त्याच्या जागी मीही सोफाच निवडला असता.

पण वेळ आणि पैसा त्यांच्याकडेही वाटतो तेवढा नव्हता. अडचण आली तेव्हा लेखक जवळ होता, फरक मला इथे दिसतो. तीन उदाहरणं देते.

पहिलं. जेसी हा वॉल्टचा मेथ बनवण्यातला जोडीदार, जेन त्याची मैत्रीण. दुसऱ्या सीझनच्या शेवटी जेन मरते. जेसीच्या घरी येऊन पुरावे आवरायचं काम सॉल या वकिलाचं होतं. सॉलचं काम करणारा बॉब ओडेनकर्क दुसऱ्या मालिकेच्या चित्रीकरणात अडकला होता. म्हणून सॉलचा माणूस म्हणून एक टकला, थंड डोळ्यांचा इसम पाठवला. तो माइक. जोनाथन बँक्सने तो असा काही उभा केला की पुढे माइकशिवाय ही गोष्ट सांगताच आली नसती. नटाची तारीख जमली नाही, त्यातून हे पात्र आलं.

दुसरं. तिसऱ्या सीझनमध्ये पैसे संपत आले. मग एक अख्खा एपिसोड प्रयोगशाळेतच, दोन माणसं आणि एक माशी. ‘फ्लाय’. बरेच जण तो कंटाळवाणा म्हणतात. मला तो फार जवळचा आहे. झोपेच्या गोळीने जडावलेला वॉल्ट आपण नेमकं कधी मरायला हवं होतं ते जेसीला सांगतो आणि जेनच्या मृत्यूबद्दलचं सत्य ओठांपर्यंत येऊन थांबतं. शिडीवर जेसी, खाली शिडी धरून वॉल्ट. खर्च शून्य, आणि मालिकेतलं सगळ्यात मोठं गुपित त्या शिडीवर तोललेलं.

तिसरं. पहिला सीझन नऊ भागांचा ठरला होता, पण नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ लेखकांचा संप झाला आणि तो सातच भागांत थांबला. मूळ आराखड्यात जेसी पहिल्याच सीझनमध्ये मरणार होता. जेसी साकारणाऱ्या ॲरन पॉलचं काम बघून तो बेत गिलिगनने आधीच सोडला होता. संपामुळे उरलेल्या मोठ्या घटनाही लांबल्या आणि गोष्टीची चाल सावकाश झाली. ती सावकाश चालच पुढे मालिकेची ओळख झाली.

---

वाळवंट

‘ब्रेकिंग बॅड’ जिथे घडते त्या अल्बुकर्कीत मी राहते, सतरा वर्षं झाली. मूळची साताऱ्याची.

गोष्ट मुळात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये घडणार होती. न्यू मेक्सिको राज्य चित्रीकरणाच्या खर्चातला चौथा हिस्सा परत देत होतं म्हणून ती इथे आली. मग गिलिगनने असं केलं नाही की इथे शूट करून पडद्यावर कॅलिफोर्निया म्हणायचं. त्याने गोष्टच इथे हलवली. नाहीतर डोंगर लपवत बसावं लागलं असतं.

सांडिया डोंगर शहराच्या पूर्वेला भिंतीसारखा उभा आहे. संध्याकाळी तो कलिंगडाच्या फोडीसारखा लाल होतो आणि स्पॅनिशमध्ये सांडिया म्हणजे कलिंगडच. पावसाळ्यात दुपारी ढग असे रचले जातात की खाली गाड्या, माणसं, घरं मुंगीएवढी वाटतात. मालिकेत आभाळ चौकटीचा तीन चतुर्थांश भाग खातं ना, ते कॅमेऱ्याचं कौतुक आहेच, पण इथे राहून ते लिहायला कुणालातरी सुचलं हेही आहे.

दुसरी बाजूही सांगते. वॉल्टच्या घराच्या छपरावर पिझ्झा फेकण्याचा सीन सगळ्यांना आठवत असेल. ते खऱ्या माणसांचं घर आहे. चाहते येऊन खरोखर पिझ्झे फेकायचे. गिलिगनने २०१५ मध्ये जाहीरपणे विनंती केली की हे थांबवा. शेवटी त्या घराला कुंपण घालावं लागलं. मी पाहुण्यांना तिकडे नेत नाही.

२०२२ मध्ये वॉल्ट आणि जेसीचे ब्राँझचे पुतळे शहराला भेट मिळाले. अमली पदार्थ बनवणाऱ्यांचे पुतळे कशाला, असं म्हणणारे लोक इथे आहेत आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. माझ्या ओळखीच्या दोन घरांत त्या नशेने मुलं गेलीत.

---

ओसरी

@वाळवंट, शेवटच्या ओळीसाठी नमस्कार.

मला वॉल्टच्या बायकोबद्दल, स्कायलरबद्दल बोलायचंय. नवरा खोटं बोलतो, घरात मृत्यू आणतो, ती प्रश्न विचारते, आणि जगभरचे प्रेक्षक तिचाच तिरस्कार करतात. ती भूमिका करणाऱ्या ॲना गनला २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहावा लागला. पात्राचा राग पुढे तिच्या स्वतःच्या अंगावर येऊ लागला होता. यात लेखकाची काहीच जबाबदारी नाही का? पहिले दोन सीझन कॅमेरा वॉल्टच्या खांद्यावर बसलाय. आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो, म्हणून ती आपल्याला अडथळा वाटते.

---

निळी शाई

@ओसरी, जबाबदारी आहे. गिलिगननेही हा प्रश्न टाळलेला नाही. मालिका संपल्यावर वर्षं गेली तशी वॉल्टबद्दलची आपली सहानुभूती आटत गेली, असं तो सांगत आलाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लेखक संघटनेने त्याला पॅडी चायेफ्स्की लॉरेल हा जीवनगौरव दिला. तेव्हाच्या भाषणात त्याने लेखकांना सांगितलं की आपण खलनायक फार आकर्षक करून ठेवले, लोक त्यांना आदर्श मानायला लागले, आता चांगली माणसं लिहा. ज्याचं सगळं नाव एका खलनायकावर उभं आहे त्याने तो पुरस्कार घेताना हे बोलणं मला मोठं वाटतं.

जेनचा मृत्यू याच प्रश्नाशी जोडलेला आहे. सुरुवातीला विचार असा होता की वॉल्ट स्वतः तिच्या मृत्यूला हात लावेल. चमूतल्या इतरांना वाटलं की हे फार लवकर होतंय, प्रेक्षक इथेच तुटेल. मग सीन बदलला. ती नशेत पाठीवर वळते, उलटी होते, गुदमरते. वॉल्ट तिला कुशीवर करायला धावतो, हात पुढे जातो आणि थांबतो. तो काही करत नाही. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, आणि मग चेहऱ्यावरून काहीतरी उतरून जातं. क्रॅन्स्टनने सांगितलंय की त्या क्षणी त्याला तिथे स्वतःची मुलगी दिसली.

मारण्यापेक्षा न वाचवणं जास्त भयंकर झालं. हे एकट्या लेखकाने टेबलावर बसून गाठलेलं नाही.

---

तिसरी घंटा

हे लेखक एकत्र बसून गोष्ट रचायचे त्या खोलीबद्दल थोडं सांगाल का? नाटकवाला आहे म्हणून उत्सुकता. आमच्याकडे लेखक तालमीला बसतो, नटाच्या तोंडात वाक्य अडकलं की तिथल्या तिथे सोडवतो. सेटवरचा लेखक ही मराठी माणसाला नवी गोष्ट वाटायला नको. मुंबई दूरदर्शनच्या तेरा भागांच्या साप्ताहिक मालिकांमध्ये नाटकातलीच मंडळी होती आणि हीच सवय घेऊन आली होती. रोजच्या रतीबात ती गेली.

---

निळी शाई

@तिसरी घंटा, ‘तेरा भाग’ वाचून आजीच्या घरचा लाकडी शटरचा टीव्ही आठवला.

खोली लॉस एंजेलिसजवळ बरबँकला. सहा-सात लेखक, भिंतीवर कॉर्कचा फळा, प्रत्येक प्रसंगासाठी एक कार्ड, जाड काळ्या पेनाने लिहिलेलं. एका एपिसोडचा फळा भरायला दोन-दोन आठवडे. कार्ड टाचलं की तो प्रसंग पक्का, म्हणून टाचण्याआधी तासन्‌तास बोलणं. फळा भरल्यावर एकजण पटकथा आणि संवाद दोन्ही लिहिणार आणि चित्रीकरणाला जाणार.

आणि अडलं की एकच प्रश्न: वॉल्टच्या डोक्यात आत्ता काय चाललंय? ‘पुढे काय घडवू या’ हा प्रश्न नाही. हा माणूस आत्ता कुठे उभा आहे, त्याला काय हवंय, कशाची भीती वाटतेय, आणि म्हणून तो काय करेल. मला कामावर कायम पहिला प्रश्न विचारला जातो, दुसरा क्वचित.

दुसऱ्या सीझनचा शेवट त्यांनी आधीच पूर्ण आखला होता. चार एपिसोडांची शीर्षकं जोडून वाचली तर विमान अपघाताची बातमी होते. तसं काटेकोर आखणं त्यांनी पुन्हा केलं नाही. तिसऱ्या सीझनमध्ये ते दोन जुळे मारेकरी शेवटपर्यंत पुरायचे होते. खोलीत लक्षात आलं की अशी माणसं वाट बघत बसणार नाहीत, म्हणून त्यांची गोष्ट अर्ध्यातच संपवली आणि गस हा ड्रगचा मोठा व्यापारी पुढे आला. पाचव्याची सुरुवात तर वॉल्ट गाडीच्या डिकीत मशीनगन घेतो इथून केली, ती कशाला वापरायची हे ठरलेलं नसताना! ते कोडं सोडवताना सगळ्यांचा घाम निघाला.

आणि खोलीतली माणसं वाढली. जेनिफर हचिसन सहायकापासून लेखिका झाली. ‘ओझिमँडियस’ मोइरा वॉली-बेकेटने लिहिला आणि त्यासाठी २०१४ मध्ये तिला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. पीटर गूल्डने सॉलचा पहिला एपिसोड लिहिला होता, म्हणून ‘बेटर कॉल सॉल’ त्याने आणि गिलिगनने मिळून निर्माण केली आणि शेवटच्या सीझन्सचा गाडा गूल्डनेच ओढला.

---

रानवारा

बेटर कॉल सॉल! ६३ एपिसोड, एमीची ५३ नामांकनं, आणि एकही पुरस्कार नाही. किमच्या भूमिकेसाठी रिआ सीहॉर्नला तरी द्यायला हवा होता.

---

निळी शाई

@रानवारा, गिलिगनने तिला त्याहून मोठं काहीतरी दिलं. थेट तिच्यासाठी मालिका लिहिली. ‘प्लुरिबस’, नोव्हेंबर २०२५, ॲपल टीव्हीवर. सगळं जग एका मनाने जोडलं जातं, शांत आणि सुखी होतं. कॅरल नावाची वैतागलेली कादंबरीकार मात्र त्यातून सुटते. पुन्हा अल्बुकर्की, पुन्हा तेच आभाळ. पण केंद्रात जगाला वाचवू पाहणारी बाई आहे. श्रेयनामावलीत एक ओळ येते की ही मालिका माणसांनी बनवली आहे. मी ती थांबवून वाचली.

---

मध्यरात्र

माझं आधीचं मत अजून तेच आहे, पण एक विचारायचं राहिलं. खिडकीच्या सीननंतर तुम्ही काय बदललंत?

---

निळी शाई

@मध्यरात्र, पुढच्या मालिकेच्या वेळी निर्मात्यांना सांगितलं की आठवड्यातून एक दिवस मी सेटवर येणार, वेगळे पैसे नकोत, फक्त कॉल टाइम, म्हणजे सेटवर यायची वेळ, कळवा. त्या दिवसाचे सीन आदल्या रात्री जागून पूर्ण करते.

दुसऱ्याच आठवड्यात असाच सीन आला. मुलगा नोकरीसाठी पहाटे पुण्याला निघालाय, आई निरोपाला बाहेर येत नाही. स्वयंपाकघराला इथेही खिडकी नव्हती. मी सेटच्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, “खिडकी नाही ताई, पण मागच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन आहे. चालू होतो.”

पंखा लावून पाहिला. खरखर एवढी की बाजूचं ऐकू येईना. तिथेच स्टुलावर बसून सीन बदलला. आई कढईत फोडणी करतेय, पंखा चालू. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचं अर्धवट ऐकू येतं. ती हात वर करून पंखा बंद करते. रिक्षाचा आवाज स्पष्ट येतो, लांब जातो, गल्लीच्या तोंडाशी एकदा हॉर्न वाजतो. मग ती पुन्हा पंखा लावते.

आईचं काम करणाऱ्या बाई सेटवर आल्या, कागद वाचला आणि म्हणाल्या, “पुन्हा लावताना मी किती वेळ थांबू?” मी म्हटलं, हॉर्न ऐकू आल्यावर एक श्वास. त्यांनी दोन घेतले.